लोकेशन स्काउटिंग: बीडमध्ये बसून करता येईल असा धंदा



व्हिडिओत वेळ कमी पडला, म्हणून हा विषय इथे नीट लिहून देतोय. सिनेमा, वेब सिरीज, जाहिरात, गाण्याचा अल्बम, प्री-वेडिंग, सगळ्यांना जागा लागते. ती शोधून, तपासून, मालकाशी बोलून ठेवणाऱ्याला पैसे मिळतात. भांडवल फार लागत नाही. पण बरेच जण दहा छान फोटो काढतात, इन्स्टावर टाकतात आणि फोन यायची वाट बघत बसतात. असा फोन येत नसतो.

वाईकडून काय शिकायचं?

२००४ च्या ‘स्वदेस’मधलं चरणपूर हे उत्तर प्रदेशातलं गाव दाखवलंय. ते शूट झालं आपल्या सातारा जिल्ह्यात, वाईजवळच्या मेणवलीत. ‘गंगाजल’चा बिहार आणि ‘दबंग’चा उत्तर प्रदेशही वाई परिसरातच उभा राहिला. तिथले घाट, वाडे सुंदर आहेतच. शिवाय मुंबई-पुणे जवळ आहे, आणि युनिटला काय काय लागतं हे माहीत असलेली माणसं तिथे आहेत. बघा, गिऱ्हाईक जागेसोबत एक भरवसा विकत घेतं: शूटिंगचा दिवस वाया जाणार नाही.

बीड लांब आहे, तेच आपल्या कामाचं

मुंबईहून बीडला येऊन जागा बघायची, म्हणजे रेकी करायची, तर दोन दिवस जातात. समजा चार माणसं, गाडी, मुक्काम मिळून २०,००० रुपये खर्च झाले आणि जागा नापास झाली. पैसे पाण्यात. तुमची खात्रीची फाईल ५,००० ला मिळाली तर त्यांना स्वस्तच पडते. आकडे उदाहरणाचे आहेत, हिशोब मात्र असाच करायचा.

फाईलमध्ये काय पाहिजे?

१. हंगाम: सौताडा, कपिलधार इथले धबधबे पावसाळ्यातले. ऑगस्टचा फोटो दाखवून मे महिन्यात कुणाला बोलावू नका. फोटोवर तारीख टाका.

२. ऊन: सकाळी ७, दुपारी १२ आणि संध्याकाळी ५, एकाच ठिकाणाहून तीन फोटो.

३. आवाज: फोटोत हायवे आणि पिठाची गिरणी ऐकू येत नाही. मोबाईलवर दोन मिनिटं आवाज रेकॉर्ड करा.

४. सोय: जनरेटरची गाडी कुठपर्यंत जाते? पार्किंग, टॉयलेट, रेंज, जवळचा दवाखाना?

५. परवानगी: नायगाव मयूर अभयारण्य असेल तर वन विभाग, संरक्षित स्मारक असेल तर पुरातत्त्व विभाग, मंदिर असेल तर देवस्थानचा ट्रस्ट. राज्याच्या चित्रपट, रंगभूमी व सांस्कृतिक विकास महामंडळाची ‘एक खिडकी’ ऑनलाइन सोय आहे, ती समजून घ्या. २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोन धंद्यासाठी उडवायचा तर नोंदणी आणि रिमोट पायलट प्रमाणपत्र लागतं.

खासगी वाडा असेल तर कागदावरचे सगळे हिस्सेदार बघा. थोरला ‘हो’ म्हणतो आणि शूटिंगच्या दिवशी धाकटा कुलूप लावतो. त्या दिवसाचा खर्च कुणाच्या नावावर पडणार?

ऊसतोडीचं कॅलेंडर

हे मुंबईच्या माणसाला माहीत नसतं, तुम्हाला माहीत असतं. दसरा-दिवाळी झाली की आपल्याकडची कितीतरी गावं, तांडे ऊसतोडीला निघतात आणि पाडव्याच्या आसपास परततात. जानेवारीत कुणी ‘गजबजलेलं गाव’ मागितलं, तर कोणतं गाव तेव्हा भरलेलं असतं हे तुमच्या फाईलमध्ये पाहिजे.

उलटंही होतं. कुणी म्हणेल, “रिकामी वस्ती आयतीच मिळाली, करून टाकू शूट.” इथे थांबायचं. दाराला कुलूप आहे म्हणजे घराला मालक नाही असं होत नाही. फडावर फोन लावा, काय शूट होणार ते सांगा, भाडं ठरवा आणि ॲडव्हान्स थेट त्यांच्या खात्यात जाऊ द्या. ते ‘नको’ म्हणाले तर विषय संपला. युनिट चार दिवसांनी निघून जातं, आपल्याला याच माणसांत राहायचंय.

पैसे कसे घ्यायचे?

मी दुकानदार आहे, दुकानाचाच नियम सांगतो: भाव उघड ठेवा. तुमची फी वेगळी, मालकाचं भाडं वेगळं, दोन्ही लेखी. मालकाच्या भाड्यातून गुपचूप कट मारला तर एकदाच कमवाल. उभ्या पिकाचं नुकसान, तुटफूट, साफसफाई कुणाकडे, हेही आधीच लिहून घ्या.

या महिन्याचं काम

घरापासून ३० किलोमीटरच्या आतल्या फक्त पाच जागा निवडा. वरच्या पाच मुद्द्यांची फाईल करा. पहिलं गिऱ्हाईक मुंबईत शोधू नका. तालुक्यातल्या लग्नाच्या फोटोग्राफरला प्री-वेडिंगसाठी दाखवा. तो काय विचारतो ते लिहून घ्या आणि त्याची उत्तरं फाईलमध्ये घाला. मोठं युनिट येईल तेव्हा हेच प्रश्न विचारेल.

चला, कामाला लागा!