पट्टी निघाली, रिझल्ट मोकळा करा

जळगावात केळीच्या व्यापाऱ्यांसाठी आणि धुळ्यात भुसार आडतीसाठी हिशेबाचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या दोघा तरुणांशेजारी बसून मी हे काम पाहिलं. हंगामाअखेर प्रत्येक शेतकऱ्याची हिशेबपट्टी काढायची होती : वजन, भाव, हमाली, तोलाई. पीएचपीची स्क्रिप्ट, खाली मायएसक्यूएल. निम्म्या पट्ट्या निघाल्या आणि पडद्यावर आलं, १३,४२,१७,७२८ बाइटची मर्यादा संपली. म्हणजे १२८ एमबी, पीएचपीची मूळ मर्यादा.

क्वेरी चालवली की साधारणपणे सगळा रिझल्ट आधी स्क्रिप्टच्या मेमरीत येतो. लूप त्यातून एकेक ओळ उचलतो. स्क्रिप्ट संपली की पीएचपी ती जागा आपणहून सोडते, म्हणून छोट्या वेबपानाला याची झळ लागत नाही. तासन् तास चालणाऱ्या स्क्रिप्टला लागते. धाकट्याने ‘फ्री रिझल्ट’ लिहिलं. मेमरीचा आकडा किंचित उतरला, तेवढंच.

“भाऊ, मोकळा तर केला. मग उतरत का नाही?”

भाऊने वरची ओळ दाखवली. रिझल्टमधल्या साऱ्या ओळी आधीच एका ॲरेत उतरवून घेतल्या होत्या. रिझल्ट सुटला, पण ॲरेतली प्रत जिवंत राहिली. बहुतेक ठिकाणी मेमरी अशीच अडकते असं मला वाटतं, आणि शोध मात्र भलतीकडेच चालतो.

त्याने मांडणीच बदलली. क्वेरीत शेतकऱ्याच्या खाते क्रमांकाने क्रम लावला, नाव-गाव त्याच क्वेरीत जोडून घेतलं. क्रमांक बदलला की बेरीज थांबवायची, पट्टी फाइलमध्ये लिहायची, आकडे शून्यावर आणायचे. मेमरीत एका वेळी एकच शेतकरी. मग ओळी साठवून न घेता सर्व्हरकडून येतील तशा वाचता येतात. मात्र मार्केट यार्डात धक्क्यावरचा ट्रक रिकामा झाल्याशिवाय दुसरा लागत नाही, तसं त्या कनेक्शनवर मधेच दुसरी क्वेरी चालत नाही. २०१४ क्रमांकाची ‘आउट ऑफ सिंक’ची चूक येते. नाव-गाव आधीच जोडून घेण्याचं कारण हेच. वाचणारा रेंगाळला तर सर्व्हरचीही जागा अडते, म्हणून पट्टीची छपाई त्याने लूपबाहेर काढली.

आता आकडा स्थिर राहिला. धाकट्याला तो शून्याकडे जायला हवा होता. पण सुटलेली जागा पीएचपी पुढच्या कामासाठी स्वतःजवळ राखू शकते; ती लगेच ऑपरेटिंग सिस्टिमकडे परत जाईलच असं नाही. वाढ थांबली का, एवढंच पाहायचं.

शेवटी एक वाट उरली होती. भाव कोरा असलेली नोंद आली की लूप मधेच तुटायचा आणि लगेच चूक नोंदवणारी क्वेरी धावायची, त्याच कनेक्शनवर. भाऊने रिझल्ट सोडण्याची ओळ ‘फायनली’ भागात नेली आणि चुकीची नोंद त्यानंतर ठेवली. लूप कुठेही तुटो, ती ओळ चालतेच. फक्त ती झटक्यात संपत नाही : न वाचलेल्या ओळी तारेवर बाकी असतात, त्या वाचून टाकून दिल्यावरच कनेक्शन मोकळं होतं.