मोटारींतील काजळीची गाळणी

इतवारींत राहणाऱ्या गृहस्थाची मोटार बहुधा फार दूर जात नाहीं. सकाळीं मुलांना शाळेंत पोंचवावें, दुपारीं गांधीबागेंतलें एखादें काम उरकावें, आणि सायंकाळीं सराफा बाजाराच्या गर्दींतून पावलापावलानें वाट काढीत घर गांठावें, एवढीच तिची दिनचर्या. गेल्या हिवाळ्यांत आमच्या डिझेलवर चालणाऱ्या एस. यू. व्ही. गाडीनें या दिनचर्येविरुद्ध तक्रार केली. चालकासमोरच्या फलकावर एक पिवळा दिवा लागला. धुराच्या नळीवर एक डबी आणि त्या डबींत ठिपके, असें त्याचें चित्र होतें. चार दिवस मीं तिकडे कानाडोळा केला. पांचव्या दिवशीं इंजिनाचाही दिवा लागला आणि गाडीचा जोर निम्म्यावर आला. त्यानंतर मात्र या दिव्याचा अर्थ समजून घेणें मला भाग पडलें. तोच आज आपणांपुढें मांडीत आहें.

डिझेलच्या इंजिनांत दाबानें तापलेल्या हवेंत इंधन पेट घेतें. जेथें हवा अपुरी पडते, तेथें तें अर्धवट जळतें आणि त्याची काजळी होते. पूर्वीच्या गाड्यांची ही काजळी सरळ रस्त्यावर येई. १ एप्रिल २०१७ पासून देशभर लागू झालेल्या भारत स्टेज ४ या नियमांत सामान्य डिझेल मोटारीला दर किलोमीटरमागें २५ मिलिग्रॅम काजळीची मुभा होती. १ एप्रिल २०२० पासून आलेल्या भारत स्टेज ६ नियमानें ती ४.५ मिलिग्रॅमवर आणली. नुसतें इंजिन सुधारून ही मर्यादा पाळणें कठीण. म्हणून धुराच्या वाटेवर गाळणी आली. प्यूजो कंपनीनें अशी गाळणी २००० सालींच आपल्या ६०७ या मोटारींत बसविली होती. गॅरेजांत तिला डी. पी. एफ. म्हणतात.

या गाळणीची रचना मोठी युक्तीची आहे. मधाच्या पोळ्याप्रमाणें असंख्य बारीक नळ्या असलेला तो एक भाजलेल्या मातीसारखा कठीण ठोकळा असतो. प्रत्येक नळीचें एकच तोंड उघडें, आणि शेजारच्या नळीचें उघडें तोंड विरुद्ध बाजूस. त्यामुळें एका नळींत शिरलेल्या धुराला मधल्या सच्छिद्र भिंतींतूनच पलीकडे जावें लागतें. वायु पार होतो. काजळी अलीकडेच राहते. गाळणीच्या दोन्ही अंगांच्या दाबांतला फरक एक यंत्र सतत मोजतें, आणि त्यावरून किती काजळी सांचली याचा अंदाज बांधतें.

सांचलेली काजळी आंतल्या आंत जाळावी लागते. लांबच्या प्रवासांत धूर तापलेला असतो, तेव्हां हें काम थोडेंथोडें आपोआप होतें. तें पुरेसें न झाल्यास गाडीचा संगणक थोडें जादा डिझेल सोडून गाळणीची उष्णता सुमारें ६०० अंश सेल्सिअसपर्यंत चढवितो. या दहनाला पंधरावीस मिनिटें गाडी चालती राहावी लागते, आणि इतवारींत तेवढ्यांत आपलें घर येतें. आपण किल्ली फिरवितों आणि दहन अर्धवट राहतें. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं आपल्याकडे मारबत निघते. वर्षाची इडापीडा वाहून नेणारी ती मारबत अर्ध्या वाटेंत ठेवून कोणी घरीं परतत नाहीं. तिचें दहन होईपर्यंत मंडळी सोबत जातात. काजळीचेंही तसेंच आहे. शिवाय दहन वारंवार मोडलें कीं जादा डिझेलचा कांहीं अंश इंजिनाच्या तेलांत उतरतो आणि तेल पातळ होतें.

तेव्हां करावें काय? नुसता गाळणीचा दिवा लागला असेल आणि गाडी नीट चालत असेल, तर टाकींत पुरेसें डिझेल आहे हें पाहून गाडी मोकळ्या रस्त्यावर न्यावी. आपल्याला सेंट्रल अॅव्हेन्यूनें पूर्वेकडे जाऊन भंडाऱ्याचा रस्ता धरणें सोयीचें. गर्दी मागें पडल्यावर ताशीं साठ किलोमीटरच्या आसपास, वरचा गिअर न टाकतां, इंजिनाचे फेरे मिनिटाला दोन हजारांच्या सुमारास ठेवून वीस मिनिटें अखंड जावें. आपल्या गाडीच्या पुस्तिकेंत याहून निराळें सांगितलें असेल, तर तेंच प्रमाण मानावें. या वेळीं वाळल्या गवतावर मात्र गाडी उभी करूं नये. नळी अतिशय तापलेली असते.

दिवा लुकलुकूं लागला, इंजिनाचा दिवा सोबत आला, किंवा जोर गेला, तर हा उपाय करूं नये. गाडी हळूहळू गॅरेजांत न्यावी, आणि प्रथम संगणकांतील दोषाची नोंद वाचावयास सांगावें. कधीं गाळणी निर्दोष असते आणि दाब मोजणारें यंत्र किंवा त्याची नळी बिघडलेली असते. कधीं इंधनाची पिचकारी गळते आणि काजळी वाजवीपेक्षां फार होते. मूळ दोष न शोधतां नवी गाळणी घेणें म्हणजे मोठा खर्च करून दिवा पुन्हां लागण्याची वाट पाहणें होय. आमच्या गाडींत केवळ काजळीच सांचली होती. गॅरेजांत यंत्र जोडून ती जाळली, तेल बदललें, आणि काम भागलें. इंजिनाच्या तेलाची राख मात्र जळत नाहीं, ती वर्षानुवर्षें सांचत जाते. म्हणून पुस्तिकेंत सांगितलेलें कमी राखेचें तेलच वापरावें.

आतां एका मोहाविषयीं. एका मिस्त्रीनें मला सुचविलें, "साहेब, गाळणी आंतून पोकळ करून टाकूं, कटकटच नको." सल्ला स्वस्त होता, आणि क्षणभर मलाही पटला. गाडींत असा फेरफार करणें कायद्याला धरून नाहीं, हें तर झालेंच. पण माझें मन वळलें तें निराळ्या कारणानें. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनें २०१२ सालीं डिझेलच्या धुराला मनुष्यास कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या वर्गांत घातलें आहे. आमच्या शेजारच्या आजींना दमा आहे, आणि आमच्या गाडीची नळी त्यांच्या खिडकीपासून चार हातांवर असते. त्या गाळणींत जें अडकतें, तें त्यांच्या छातींत जावयाचें असतें. दिव्याची कटकट मला नको म्हणून ती काजळी त्यांच्या घरीं धाडण्याचा अधिकार मला कोणीं दिला?

ज्यांची गाडी वर्षभर इतवारीबाहेर पडणारच नाहीं, त्यांनीं डिझेलची गाडी घेऊंच नये. त्यांना पेट्रोलची किंवा विजेची बरी. ज्यांच्या दारीं ती आहेच, त्यांनीं तिला अधूनमधून लांब न्यावें. आम्हीं त्याकरितां रविवार ठरविला आहे. सकाळीं मंडळी भंडाऱ्याच्या वाटेनें निघतात, मौद्यापर्यंत जातात आणि परततात. पिवळा दिवा त्यानंतर लागलेला नाहीं, आणि आजींची खिडकी उघडी असते.