तिकिटावरची वेळ आणि विमानाचे तास

गेल्या सप्टेंबरात माझी पुतणी शिक्षणासाठी लंडनला गेली. आमच्या घरातले विमानात बसलेले ते पहिलेच माणूस. तिकिटावर छापले होते: मुंबईहून दुपारी १, लंडनला त्याच दिवशी संध्याकाळी ६. वहिनींनी विचारले, "भाऊजी, पोचल्याचा फोन कधी येईल?" मी बी.कॉम. झालेला, कचेरीत दिवसभर आकडेमोड करणारा. ठोकून दिले, "सहा-साडेसहाला!"

साडेसहा झाले, आठ झाले, दहा वाजले. फोन नाही. वहिनी जेवल्या नाहीत. दादा गॅलरीत येरझाऱ्या घालत राहिले. साडेअकराला फोन वाजला, "आई, पोचले गं. आत्ताच बाहेर आले." पोर सुखरूप होती. चुकलो होतो मी.

वाचकहो, तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या गावाची असते. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे तासाला १५ अंश. रेखांशांची मोजणी लंडनच्या ग्रिनिचपासून सुरू होते आणि भारताची वेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर धरली आहे. ८२.५ ला १५ ने भागा, साडेपाच येतात. तेवढे आपले घड्याळ पुढे. त्यात तिकडे मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ तासभर पुढे सारतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे घेतात. त्या दिवसांत फरक साडेचार तासांचा. म्हणजे पोर उतरली तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेदहा. प्रवास साडेनऊ तासांचा!

मुंबई ते लंडन हवाई अंतर सुमारे ७,२०० कि.मी. विमान ताशी ९०० कि.मी.ने गेले तर आठ तास पुरावेत. पण तीस-पस्तीस हजार फुटांवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात, हिवाळ्यात कधी ताशी दीडशे कि.मी.च्याही वर. जाताना ते समोरून येतात, परतताना पाठीशी असतात. शिवाय वाट सरळ नसते. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हवाई हद्द बंद केली, तेव्हा दिल्लीहून युरोपला जाणाऱ्या विमानांना वळसा पडला.

तरीही हे तासच. १९३० साली बाबासाहेब गोलमेज परिषदेला बोटीने निघाले, तेव्हा लंडन गाठायला सुमारे दोन आठवडे लागले होते. एअर इंडियाचे पहिले मुंबई-लंडन विमान ८ जून १९४८ ला सुटले, तेही कैरो आणि जिनिव्हाला थांबत गेले.

डिसेंबरच्या सुट्टीत पुतणी घरी आली. लंडनहून रात्री ९.३०, मुंबईला दुसऱ्या दिवशी सकाळी ११.३०. दादा दचकले, "आता चौदा तास?" मी तोंड उघडणार, तोच वहिनींनी कॅलेंडरच्या पाठीवर पेन्सिलीने मांडले: चौदा वजा साडेपाच, साडेआठ.

"भाऊजी, तुम्ही राहू द्या," त्या म्हणाल्या, "विमानतळावर कधी निघायचं ते मी सांगते."