जर्मनीला शिकायला जाताना

एपीएस प्रमाणपत्र : आपल्या पदव्या-गुणपत्रिका खऱ्या असल्याची पडताळणी. भारतीयांना विद्यार्थी व्हिसासाठी नोव्हेंबर २०२२ पासून सक्तीचे.

ब्लॉक्ड अकाउंट : वर्षभराच्या राहण्या-खाण्याचे पैसे आधीच भरून ठेवायचे खाते. सप्टेंबर २०२४ पासून किमान ११,९०४ युरो. तिकडे पोचल्यावर रक्कम एकदम हाती येत नाही. दरमहा ९९२ युरो सुटतात. ही फी नव्हे, पैसे आपलेच.

फी : बहुतेक सरकारी विद्यापीठांत नाही, फक्त सेमिस्टरची वर्गणी. ठळक अपवाद बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याचा : युरोपीय संघाबाहेरच्यांना सेमिस्टरला १,५०० युरो.

नुसती बारावी? पदवीला थेट प्रवेश सहसा नाही. आधी इथे कॉलेजचे एक वर्ष, नाहीतर तिकडे पूर्वतयारीचे श्टुडिएनकोलेग.

नाव : महाराष्ट्र बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, पासपोर्टवर नाव-आडनावाचे रकाने वेगळे. अर्ज भरताना पासपोर्ट समोर ठेवावा.

नोकरी : शिकताना वर्षाला फार तर १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस.

पत्त्याची नोंद : राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत. घरमालकाच्या सहीचा दाखला लागतो. तो चावी घेतानाच मागून घ्यावा.