लॅपटॉपवर फाइल सापडत नाहीये? 'एव्हरीथिंग' वापरून बघा

ज्यांना आजचा भाग ऐकायला जमला नाही, त्यांच्यासाठी हा लिखित भाग. बोललोय जवळपास तसाच ठेवलाय, फक्त मधले 'अं... म्हणजे...' काढलेत.

आपला पॉडकास्ट ऐकणाऱ्या एका मुलीचा रात्री व्हॉइस मेसेज आला. दुसऱ्या दिवशी सकाळी ॲडमिशनची कागदपत्र पडताळणी. जातवैधता प्रमाणपत्राचा स्कॅन लॅपटॉपवर आहे हे नक्की, पण कुठल्या फोल्डरमध्ये ते आठवत नाही आणि फाइलला नाव काय दिलं तेही आठवत नाही. दोन तास शोधून रडकुंडीला आली होती. आज जे सांगणार आहे, ते तिला फोनवर सांगितलं होतं. फक्त आज थोडं निवांतपणे, का चालतं त्यासकट.

आधी हे बघू की शोधायला वेळ का लागतो. विंडोजचा स्वतःचा सर्च सगळ्या कॉम्प्युटरची यादी करून ठेवत नाही. नेहमीच्या सेटिंगमध्ये तो डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डेस्कटॉप अशा ठरावीक जागांचीच सूची बनवतो. तुमची फाइल डी ड्राइव्हवरच्या 'नवीन फोल्डर ३' मध्ये असेल, तर तिथे तो एकेक फोल्डर उघडून बघत जातो. म्हणजे शंभर फ्लॅटच्या सोसायटीत कुलकर्णी कुठे राहतात हे शोधायला प्रत्येक दाराची बेल वाजवायची. सेटिंगमध्ये 'एनहान्स्ड' पर्याय निवडला की तो सगळ्या कॉम्प्युटरची सूची करतो, पण फाइलच्या आतला मजकूरही वाचत बसतो, त्यामुळे पहिल्या वेळी बराच वेळ घेतो.

आता, गेटवर नावांचा फलक असताना बेल कशाला वाजवायची? विंडोजची डिस्क साधारणपणे एनटीएफएस पद्धतीने मांडलेली असते. ही पद्धत १९९३ सालची, विंडोज एनटीबरोबर आलेली. तिच्यात 'मास्टर फाइल टेबल' नावाचा एक तक्ता असतो आणि डिस्कवरच्या प्रत्येक फाइलची नोंद त्यात असतेच. 'एव्हरीथिंग' हे व्हॉइडटूल्सचं फुकट सॉफ्टवेअर थेट हा तक्ता वाचतं. फोल्डर उघडत फिरत नाही. बनवणाऱ्यांच्या म्हणण्यानुसार दहा लाख फाइलींची सूची करायला त्याला साधारण एक मिनिट लागतं आणि मेमरी जाते सुमारे ७५ एमबी. ब्राउझरची एक टॅब कधीकधी याहून जास्त खाते!

आणि नंतर नवीन फाइल आली, जुनी उडवली, नाव बदललं, तर? त्यासाठी विंडोज २००० पासून एनटीएफएसमध्ये 'यूएसएन जर्नल' आहे. वॉचमनची नोंदवही म्हणा. कोण आलं, कोण गेलं, सगळं त्यात उतरतं. एव्हरीथिंग ही वही वाचत राहतं, म्हणून पुन्हा सगळी मोजणी करायची गरज पडत नाही. तुम्ही दोन अक्षरं टाइप करता तोवर यादी समोर आलेली असते.

आता त्या मुलीकडे येऊ. नाव माहीत नाही, मग काय टाइप करणार? प्रकार आणि वर्ष. हे सगळं इंग्रजी अक्षरांत, इंग्रजी आकड्यांत टाइप करायचं हं. ई-एक्स-टी, कोलन, पीडीएफ, सेमीकोलन, जेपीजी. मग एक स्पेस. मग डी-एम, कोलन, २०२२. अर्थ असा की पीडीएफ किंवा जेपीजी, आणि शेवटचा बदल २०२२ मध्ये. डी-एम म्हणजे बदलाची तारीख, आणि तीच का, तर फाइल जुन्या लॅपटॉपवरून नव्यावर साधी कॉपी केली की 'तयार केल्याची' तारीख आजची होते, बदलाची तारीख मात्र जुनीच राहते. तिने तारखेप्रमाणे यादी लावली, जून महिन्यापर्यंत खाली गेली, आणि 'स्कॅन०००७' नावाची फाइल उघडली. तीच होती.

व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोंसाठी मात्र वेगळी युक्ती. तिथे तारीख नावातच असते. फोनवरून आलेल्या फोटोच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस सलग लिहिलेले असतात, शेवटी डब्ल्यूए आणि एक क्रमांक. कॉम्प्युटरवरच्या व्हॉट्सॲपमधून सेव्ह केलं तर तीच तारीख मध्ये आडव्या रेघा घालून. म्हणजे १५ जून २०२३ चा फोटो हवा असेल तर दोन्ही प्रकारे टाकून बघा. डिस्क भरली असेल तर 'साइझ' शब्द, कोलन, 'पेक्षा मोठं'चं चिन्ह आणि ५०० एमबी. कुठला जुना पिक्चर जागा अडवून बसलाय ते लगेच कळतं.

मराठी नावाच्या फाइली? चालतात, पण एक गोम आहे. 'दुसऱ्या' मधला तो अर्धा र कॉम्प्युटरमध्ये दोन वेगळ्या प्रकारे साठवला जातो, कीबोर्डवर अवलंबून. डोळ्यांना दोन्ही सारखेच, सर्चला वेगळे. म्हणून पूर्ण शब्द टाकू नका, नुसतं 'दुस' टाका.

आणि आता याची मर्यादा, जी मला वाटतं लोकांना नीट सांगितली जात नाही. फलकावर नाव असतं, घरात कोणतं सामान आहे ते नसतं. एव्हरीथिंगमध्ये फाइलच्या आत शोधायची सोय आहे, पण तेव्हा ते खरंच प्रत्येक फाइल उघडतं आणि संथ होतं. आतला मजकूर वारंवार शोधायचा असेल तर 'डॉकफेचर' घ्या. तुम्ही सांगाल त्या फोल्डरमधल्या वर्ड, पीडीएफची सूची ते करून ठेवतं. पण स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये मजकूर नसतोच, फोटो असतो. आणि बाबांच्या जुन्या श्री-लिपीतल्या फाइलींमध्ये पडद्यावर मराठी दिसत असली तरी आत देवनागरीचे युनिकोड नसतात. तिथे 'शाळा' शोधून काही हाती लागणार नाही. आधी युनिकोडमध्ये रूपांतर करावं लागतं.

पेनड्राइव्ह बहुतेक वेळा एनटीएफएस नसतो, त्यामुळे त्याचे फोल्डर ऑप्शन्समध्ये जाऊन हाताने जोडावे लागतात. डाउनलोड फक्त व्हॉइडटूल्सच्या साइटवरूनच करा. सर्चमध्ये वर येणाऱ्या 'फ्री डाउनलोड' वाल्या साइट्स नकोत. आणि घरात एकच कॉम्प्युटर सगळे वापरत असाल तर लक्षात घ्या, हे डिस्कवरच्या सगळ्या फाइलींची नावं दाखवतं, दुसऱ्याच्या अकाउंटमधल्यासुद्धा. फाइल उघडणार नाही, पण नाव दिसेल. ताईच्या लॅपटॉपवर टाकायचं तर आधी तिला विचारा.

मॅकवाल्यांकडे २००५ पासून स्पॉटलाइट आहे, त्यांचं बरंचसं काम त्यातच होतं. लिनक्सवर 'एफसर्च' बघा, ते एव्हरीथिंगवरूनच सुचलेलं आहे. अडलात तर व्हॉइस मेसेज करा, फक्त शक्यतो पडताळणीच्या आदल्या रात्री नको. चला, भेटू पुढच्या भागात!