मुका झालेला सिंबल

इलेक्ट्रॉनिक ड्रमच्या सिंबलवर काठी पडली की स्पीकरमधून ब्राँझचा झणत्कार घुमतो. वादकाच्या शेजारी उभ्या असलेल्याला मात्र रबरावरची नुसती 'थप' ऐकू येते. आवाज मॉड्यूल नावाच्या पेटीत साठवलेला असतो. घाव किती जोराचा होता आणि कुठे बसला, एवढंच पॅड त्या पेटीला कळवतं. हे एकदा नीट समजलं की पॅडची दुरुस्ती अवघड राहत नाही. म्हणूनच बंद पडलेलं पॅड माळ्यावर टाकून नवं आणणारे वादक पाहिले की मला मनापासून वाईट वाटतं.

१९८१च्या सिमन्स एसडीएस-फाइव्ह या संचाचे षटकोनी पॅड कडक प्लास्टिकचे होते आणि ते वाजवून मनगटं दुखायची. १९९७ साली रोलँडने टीडी-१० हा संच आणला, तेव्हा ड्रमवर जाळीचं कातडं आलं. पुढे सिंबललाही झुलणारी, काठीखाली डोलणारी रबरी थाळी मिळाली. रोलँड आणि यामाहा या दोन्ही कंपन्यांची मुख्यालयं आज जपानच्या हामामात्सू शहरात आहेत, पण त्यांच्या पॅडच्या जोडण्या सारख्या नाहीत. हा मुद्दा दुरुस्तीत महत्त्वाचा ठरतो.

थाळी उलटी करून मधलं प्लास्टिकचं झाकण काढलं की आत फार थोडं सामान दिसतं. एक पिएझो, म्हणजे पितळेची पातळ चकती आणि तिच्यावर सिरॅमिकचा पांढरट थर. ती सहसा २७ किंवा ३५ मिलिमीटरची असते. धक्का बसला की या थरातून वीज निघते. हा गुण झाक आणि पिएर या क्युरी बंधूंनी १८८० साली दाखवून दिला, आणि स्वयंपाकघरातल्या गॅस लायटरची ठिणगीही त्यातूनच पडते. दुसरी वस्तू म्हणजे कडेच्या रबराखालची पट्टी. तिच्यात वीज वाहणारे दोन थर असतात आणि मध्ये बारीक फट. कडेवर घाव बसला की फट मिटते आणि स्विच लागतो. कडा बोटांत धरून ठेवली तर स्विच लागलेलाच राहतो, आणि मॉड्यूल आवाज दाबतं. वादक त्याला चोक म्हणतात.

आता या दोघांची वाटणी बघा. जोर नेहमी पिएझो सांगतो, स्विच फक्त जागा सांगतो. त्यामुळे पिएझो मेला तर बहुतेक मॉड्यूलवर पॅड पूर्ण मुकं होतं, कडेवर कितीही मारा. कडेवर मारूनही मधल्या भागाचाच आवाज येतो, चोक होत नाही, तेव्हा पिएझो ठणठणीत असून स्विच गेलेला असतो. आणि आवाज उमटता उमटताच कापला जातो, किंवा कुठेही मारलं तरी कडेचाच येतो, तेव्हा स्विच चिकटून बसलेला असतो. पेचकस हातात घेण्याआधी निम्मं निदान असं कानानेच होतं.

तरीही पहिला संशय केबलवर घ्यावा. चालू असलेल्या पॅडची केबल इकडे लावून बघावी, मग हेच पॅड मॉड्यूलच्या दुसऱ्या जॅकमध्ये. पिनवर दोन काळी कडी हवीत, म्हणजे ती स्टिरिओ. गिटारची मोनो केबल लावली तर तिचा दांडा स्विचची तार जमिनीच्या, म्हणजे ग्राउंडच्या, तारेशी जोडून टाकतो. मॉड्यूलला वाटतं कडा सतत धरलेली आहे, आणि चांगलं पॅड विनाकारण खोललं जातं.

केबल निर्दोष निघाली तर मल्टिमीटर. कंटिन्युइटीवर ठेवून एक काडी स्विचच्या तारेला, दुसरी जमिनीच्या तारेला. एरवी शांत, कडा दाबली की बीप, असं हवं. पिएझोसाठी कपॅसिटन्स मोजावा. २७ मिलिमीटरची धडधाकट चकती साधारण २० नॅनोफॅरॅडच्या आसपास दाखवते. आकडा फारच कमी आला तर सिरॅमिक तडकलंय, शून्यावरच राहिला तर तार तुटलीय. दुसरी शक्यताच जास्त. केसासारखी बारीक तार सिरॅमिकला जिथे चिकटवलेली असते, तिथेच थरथरीने सुटते.

ती परत जोडताना घाई नको. सिरॅमिकवर सोल्डरिंग आयर्न जास्त वेळ टेकलं तर त्याचा गुण कायमचा जातो. तारेला आधीच कथील लावून ठेवावं, थोडा फ्लक्स घ्यावा आणि क्षणभर टेकवून उचलावं. चकती बदलायची असेल तर जुनी उचकटू नये. पितळ वाकलं तर सिरॅमिक तडकतं आणि मग ती पुन्हा वापरता येत नाही. तिच्याखालून मजबूत दोरा ओढत न्यावा. नवी बसवताना मूळच्या जाडीचीच दुतर्फी टेप हवी, कारण सैल चकती एका घावाला दोन आवाज देते.

कडेची पट्टी जास्त त्रास देते. रबर सोलून काढायला धीर लागतो आणि आतला थर घामाने, दमटपणाने काळवंडलेला असतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून भागलं तर उत्तम. नाहीतर झिजलेल्या जागी तांब्याची चिकटपट्टी लावता येते, मात्र मधली फट जपूनच.

काही तक्रारी बिघाडच नसतात. रोलँडच्या सीवाय-१५आर या सिंबल पॅडचे तिन्ही भाग, म्हणजे कडा, पृष्ठभाग आणि मधली घुमटी, वाजवायला दोन केबल लागतात. यामाहाचे तीन भागांचे पॅड एकाच केबलवर, स्विचच्या वाटेत रोधक घालून, ते काम करतात. एकाचं पॅड दुसऱ्याच्या मॉड्यूलला लावलं की सहसा घुमटीचा वेगळा आवाज निघत नाही, आणि तो बिघाड नसतो.

आपल्याकडे ऑर्केस्ट्रात आणि मिरवणुकीच्या बँजो पार्टीत ऑक्टापॅड रुळला, त्यालाही अनेक मॉडेलमध्ये बाहेरचं सिंबल पॅड जोडता येतं. टेम्पोतला प्रवास आणि पावसाळी हवा या पॅडना भोवते. पिएझो चकत्या, जॅक, तांब्याची पट्टी हे सामान मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत सहज मिळतं आणि नव्या पॅडपुढे त्याचा खर्च नगण्य असतो. रोलँडचं २०१६चं सीवाय-१८डीआर मात्र यूएसबीवर चालतं. त्यात स्वतःचं सर्किट आणि जास्त सेन्सर आहेत, तिथे हा मार्ग नाही.

दुरुस्तीनंतर मॉड्यूलमधली सेन्सिटिव्हिटी आणि थ्रेशोल्ड पुन्हा लावावेच लागतात. नवी चकती बहुतेकदा जुनीपेक्षा तिखट असते. थ्रेशोल्ड खाली राहिला तर शेजारच्या टॉमवर मारलं तरी सिंबल वाजतो, वर गेला तर काठीचा हलका स्पर्श हरवतो. आधी सगळ्यात नाजूक घाव वाजवून बघावा, जोराचा नंतर.