गव्हाणी घरातच होती



नाताळ जवळ आला की मला नवापूर तालुक्यातले आमचे जुने घर आठवते. कुडाच्या भिंती, वर कौले आणि आत एकच लांब खोली. एका टोकाला चूल, दुसऱ्या टोकाला दोन बैल, एक गाय आणि त्यांची लाकडी गव्हाणी. आमच्याकडे गुरे घरातच बांधत. थंडीत त्यांची ऊब सर्वांना मिळे आणि रात्री गुरांची राखणही होई.

डिसेंबरात भाताची झोडणी आटोपलेली असे. पाळकसाहेब आम्हा मुलांना बांबूच्या कामट्या आणि पतंगाचा कागद देत. खळ लावून आम्ही चांदणी करत असू. आत दिवा ठेवताना एका वर्षी माझी चांदणीच पेटली आणि मी रडून गोंधळ घातला. २४ तारखेच्या रात्री मंडळी गॅसबत्ती घेऊन, ढोल वाजवत, घरोघर गीते गात फिरे. प्रत्येक दारात गुळाचा चहा मिळे. आत्या, मामा, त्यांची मुले असे पाहुणे येत आणि आमचे घर भरून जाई. आजी म्हणे, "सरका रे, अजून एक मावेल." दरवर्षी माझ्या वाट्याला येई ती गव्हाणीशेजारची जागा. भाताच्या पेंढ्यावर गोधडी टाकून मी झोपायची आणि रात्रभर गाईचा श्वास ऐकायची.

नाताळाच्या नाटकात मात्र गोठा नेहमी गावाबाहेर असे. एका वर्षी मला उतारशाळेच्या मालकाचे काम मिळाले. "जागा नाही, पुढे व्हा!" असे मी इतक्या जोरात ओरडले की सगळी मंडळी हसली. पवित्र शास्त्रात हा मालक कोठेच नाही, हे मला खूप उशिरा, ईशज्ञानाच्या डिप्लोमाचा अभ्यास करताना कळले.

लूकचा दुसरा अध्याय पुन्हा वाचून पाहा. तेथे मालक नाही आणि दार बंद केल्याचा उल्लेखही नाही. आपल्या भाषांतरात जेथे उतारशाळा आहे, तेथे मूळ ग्रीक शब्द 'कताल्युमा' आहे. शेवटच्या भोजनाची खोली सांगताना लूकने बाविसाव्या अध्यायात हाच शब्द वापरला आहे. तेथे त्याचा अर्थ पाहुण्यांची खोली असा होतो. चांगल्या शोमरोन्याने जखमी माणसाला ज्या धर्मशाळेत नेले, तिच्यासाठी लूकने वेगळाच शब्द घेतला आहे. त्यामुळे अनेक अभ्यासक म्हणतात की योसेफ आपल्या पूर्वजांच्या गावी कोणाच्या तरी घरात उतरला असावा. नावनोंदणीमुळे पाहुण्यांची खोली आधीच भरली होती. त्या देशातील साध्या घरांतही गुरे रात्री घराच्याच एका भागात बांधत आणि गव्हाणी तेथेच असे. घरातली माणसे सरकली असतील, आणि तान्ह्या बाळासाठी सर्वांत उबदार जागा निघाली असेल.

हे शिकलो त्या दिवशी वर्गात मला आजीचा आवाज ऐकू आला.

नाताळ या शब्दाचा अर्थच जन्म असा आहे. आपण ज्याला देहधारण म्हणतो, त्याचा अर्थ मला त्या खोलीवरून समजतो. देव गरिबाच्या घराकडे दुरून पाहत राहिला नाही. तो त्या घरात, धुरात, गुरांच्या वासात जन्माला आला. मरीयेने शुद्धीकरणाच्या वेळी कोकराऐवजी पक्ष्यांचे अर्पण नेले. नियमशास्त्राने ही सवलत गरिबांना दिली होती. आपल्या तारणाऱ्याचे घर कसे होते, हे एवढ्यावरून कळते.

आता आपल्या भागाकडे पाहू. दिवाळी झाली की आपल्या पाड्यांतली अनेक कुटुंबे मुकादमाकडून उचल घेतात आणि ऊसतोडीला निघतात. कोणी दक्षिण गुजरातेत जातात, कोणी पश्चिम महाराष्ट्रात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. ही माणसे परततात ती होळीच्या सुमारास किंवा त्याहूनही उशिरा. नाताळ नेमका हंगामातच येतो. त्यामुळे या मुलांना आपल्या गावची चांदणी, आपल्या मंडळीची गीते माहीतच नसतात. शाळाही मध्येच सुटते.

गेल्या नाताळात आम्ही चौघे अशा एका तळावर गेलो होतो. बरोबर ब्लँकेटे, खाऊ आणि कागदी चांदणी होती. शेताच्या कडेला पाचटाच्या कोप्या होत्या. एका कोपीत बारा दिवसांचे बाळ होते. थंडी इतकी होती की आम्ही दारातच कुडकुडत उभे राहिलो. बाळंतिणीने आम्हाला पाहिले, बाळाला उचलून मांडीवर घेतले, अंथरूण बाजूला ओढले आणि म्हणाली, "आत या ना ताई, होईल जागा." आम्ही देण्यासाठी गेलो होतो, पण जागा तिने दिली. त्या रात्री प्रार्थना करताना माझ्या तोंडून शब्द फुटेना. कारण लहानपणी नाटकात म्हटलेले ते वाक्य मी मोठेपणीही अनेकदा म्हटले आहे, फक्त हळू आवाजात.

यंदा आमच्या मंडळीतील तीन कुटुंबांनी ऊसतोडीला गेलेल्या शेजाऱ्यांची पाच मुले हंगामभर आपल्या घरी ठेवून घेतली आहेत. ही घरे मोठी नाहीत. पण मुले रोज शाळेत जातात आणि यंदा ती आपल्याच गावात नाताळ करतील. या घरांना धान्य, वह्या आणि गरम कपड्यांची मदत लागते. काही मंडळ्या ती देत आहेत, त्यांचे मनापासून आभार. आपल्या मंडळीजवळच्या ऊसतोडीच्या तळावरही एकदा जाऊन या. गीते गा, बाळंतिणीची विचारपूस करा, आजारी माणसाला दवाखान्यात न्या.

चांदणी दारावर लावाच, पण घरात थोडे सरकून बसा. अजून एक मावेल.

ज्याला बेथलेहेमात दाटीवाटीच्या घरात जागा मिळाली, तो प्रभू येशू आपल्या सर्वांच्या घरी वस्तीला येवो. आमेन.